तिसरं बोळकं

दगडावरची हिरवी पट्टी सर्वांत रुंद जागी चार मिलिमीटर होती. नखाने खरवडली की नखात हिरवी भुकटी यायची. ओल्या बोटाने पुसली की बोटावर फिकट डाग राहायचा. बाकीचा दगड मळकट होता, रस्त्याच्या खडीत टाकला असता तर कुणी वळून पाहिलं नसतं. राजस्थानात तांब्याच्या खाणीजवळ नोकरी करणाऱ्या माझ्या वर्गमैत्रिणीने असे सात दगड खोक्यात भरून पाठवले होते. गेला महिनाभर ते उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या फाउंड्रीच्या प्रयोगशाळेत खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने मांडलेले होते.

ते मागवायला कारण रचना. ती माझी सहायक. चार वर्षं आम्ही दोघी एकाच टेबलावर काम करत होतो. खालच्या भट्टीतून ओतलेल्या बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, नमुने वर यायचे, आम्ही त्यातला कार्बन मोजायचो, सिलिकॉन मोजायचो, सही करून कागद खाली पाठवायचो. एकदा चहा पिताना तिने विचारलं, "मॅडम, दगडातून धातू निघतो हे पहिल्यांदा कुणाला कळलं असेल हो? सांगायला तर कुणी नव्हतं."

मी कॉलेजात ऐकलेलं उत्तर दिलं. कुणीतरी शेकोटीभोवती दगड लावले, त्यात एक हिरवा होता, सकाळी राखेत तांब्याचा मणी सापडला.

रचनाने बिस्कीट चहात बुडवून ठेवलं होतं, ते गळून पडलं तरी तिचं लक्ष नव्हतं. "शेकोटीत? आमच्या घरी पाण्याची चूल रोज पेटते. तिच्यातून कधी मणी नाही निघाला."

"तुमच्या चुलीचे दगड तांब्याचे नाहीत."

"मग तांब्याचे आणू या की."

म्हणून दगड आले. एका रविवारी आम्ही तिच्या घरच्या चुलीत एक दगड कुटून, वाटीत घालून भाजला. जाळ वाढावा म्हणून रचनाने केस वाळवायचं यंत्र आणून चुलीच्या तोंडाशी धरलं. राख उडून तिच्या आईच्या वाळत घातलेल्या पापडांवर बसली. वाटीतली हिरवी भुकटी काळी झाली. दोन तासांनीही ती काळीच होती.

"कोळसा तयार केलासा की," तिचे वडील भरमूअण्णा दारातून म्हणाले. "कोळसा पायजे हुता तर माझ्याकडं मागायचा."

भरमूअण्णा कुंभार. येळ्ळूरच्या रस्त्याला गावाबाहेर त्यांचं घर आणि घरामागे त्यांचा आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी. छातीइतकी उंच गोल भिंत, वरून उघडी, खाली जाळ घालायला दोन तोंडं. सत्तरीला आलेल्या भरमूअण्णांचे गुडघे आता साथ देत नाहीत. गल्लीतले बाकीचे आवे कधीच मोडले. हा शेवटचा, आणि तो आपल्याबरोबरच बंद होणार हे त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवलं होतं. ते हे दुःखाने सांगायचे असं मुळीच नाही. निवृत्तीला आलेला माणूस नोकरीचा शेवटचा दिवस सांगतो तसं सांगायचे. "चिखलात माझी नखं गेली. पोरीची ऱ्हाऊदेत. ती होसूरला निघालीया, मोठ्या कंपनीत. एसी हाय म्हणं."

होसूरचं खरं होतं. आमच्या कंपनीने तिकडे नवा कारखाना काढला होता आणि तिथल्या प्रयोगशाळेची जबाबदारी रचनाला देऊ केली होती. पत्र ऑगस्टमध्ये आलं. मीच तिची शिफारस केली होती. तिच्याइतका नेमका हात मी दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही. पण ती हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. विचारलं की म्हणायची, "पुढच्या आठवड्यात सांगते, मॅडम." मी वरच्या साहेबांकडून तीनदा मुदत वाढवून घेतली. आता नोव्हेंबर उजाडला होता आणि सोमवार ही शेवटची तारीख होती. सोमवारी उत्तर गेलं नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

भरमूअण्णांनी मात्र गणपतीतच मोठी निळी बॅग आणून दारापुढच्या सोप्यात ठेवली होती, प्लास्टिक न काढता. तिच्यावर कोंबडी बसायची.

चुलीत फसल्यावर साहजिकच आव्याकडे नजर गेली. दिवाळीनंतरचा आवा शनिवारी लागणार होता. भरमूअण्णांनी आमच्यासाठी मुठीएवढी तीन बोळकी करून दिली. मी प्रत्येकात वीस ग्रॅम हिरवी भुकटी मोजून घातली. फाउंड्रीतून तापमान मोजणारी थर्मोकपलची तार आणि आकडा दाखवणारी डबी आणली. माझा हिशोब सरळ होता. चुलीत उष्णता कमी पडली. आव्यात जास्त मिळेल. तेव्हा तिन्ही बोळकी जाळाच्या तोंडाशी, सगळ्यांत तापणाऱ्या जागी, उघडी ठेवायची. वहीत मी तसं चित्रही काढलं.

आव्यात मडकी मांडायचं काम रचनाच्या आईचं, मालुबाईंचं. त्या आत उभ्या राहायच्या आणि आम्ही बाहेरून एकेक मडकं हातात द्यायचो. मी त्यांना चित्र दाखवलं.

"ही तिन्ही इथं, तोंडाजवळ. झाकण नको, मावशी."

मालुबाईंनी चित्राकडे बघितलं, बोळक्यांकडे बघितलं. "तिन्ही?"

"तिन्ही."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि मी पुढचं मडकं आणायला वळले.

मधोमध एक मोठा माठ होता. त्यात लहान काळी भांडी भाजायची असतात. दह्याची, आमटीची. माती तीच, पण माठात भाताचं तूस आणि शेणीचे तुकडे ठासून वर झाकण ठेवतात आणि कडा चिखलाने लिंपून टाकतात. आतली भांडी काळीभोर निघतात, बाहेरची लाल. लहानपणापासून हा माठ भरायचं काम रचनाचं होतं. त्या दिवशी ती लाकडं फोडत होती म्हणून तेही मालुबाईंनीच केलं. मग वर खापऱ्या, उसाचा पाला, त्यावर चिखल. नऊ वाजता भरमूअण्णांनी नारळ फोडला आणि जाळ घातला.

सुरुवातीला चार तास मंद जाळ. माझी डबी तीनशे अंश दाखवत होती, मग चारशे दहा. भरमूअण्णा पाटावर बसून भिंतीतल्या भोकातून आत बघायचे.

"मॅडम, तुमची तार काय म्हणती?"

"सहाशे ऐंशी."

"माझा डोळा म्हणतोय, डाळिंबाचा दाणा. अजून कच्चंय."

तासाभराने त्यांनी परत डोळा लावला. "आता पिकल्या आंब्याकडं चाललंय. तारेला विचारा."

डबीवर आठशे चाळीस होतं. मी आकडा वहीत लिहिला आणि त्याच्यापुढे 'पिकल्या आंब्याकडे' असंही लिहिलं. भरमूअण्णांनी वही मागून घेतली, ते लिहिलेलं पाहिलं आणि परत दिली. नंतर दुपारभर ते खूश होते.

गुडघ्यांमुळे जाळ मात्र त्यांना सांभाळवत नव्हता. तो रचनाने सांभाळला. प्रयोगशाळेत पांढरा कोट घालून हळू बोलणारी रचना इथे ओढणी कमरेला खोचून, चिपाडांचा भारा उचलून आव्याच्या तोंडात सारत होती. एकदा ती काम अर्धं टाकून थांबली, मान वाकडी करून ऐकलं आणि मागच्या तोंडाशी पळाली.

"काय झालं?" मी विचारलं.

"मागं हवा ओढतंय कमी. आवाज बदलला."

मला काही ऐकू आलं नव्हतं. डबीवर आकडा सात अंशांनी उतरला, पण तो तिच्या पळण्यानंतर.

जेवायला भाकरी आणि वांग्याचं भरीत होतं. भरमूअण्णांनी विषय काढलाच. "सोमवारी काय ते सांगून टाक गं. मॅडम किती दिवस तुझ्यासाठी शब्द टाकत बसणार? शेजारचा भावकू सकाळीच इचारत हुता, रचना कधी निघाली म्हणून."

"भावकूकाकाला काय करायचंय?"

"त्याला बॅग पायजे. म्हणतोय, जात नसंल तर मला दे, लग्नाला जायचंय सांबऱ्याला."

"द्या की," रचना म्हणाली, "कोंबडीला विचारून."

मालुबाई तोंडाला पदर लावून हसल्या. भरमूअण्णा हसले नाहीत. रचना उठून जाळ बघायला गेली. मला वाटलं, हिला जायचंय, पण म्हाताऱ्या आईबापांना सोडवत नाहीये. मी मनात ठरवलं, उद्या आवा उघडला की तिला बाजूला घेऊन समजवायचं. आमची माणसं इतकी मागे राहतात ती अशा वेळी कुणी समजवत नाही म्हणून, असं काहीसं वाक्यही मी तयार केलं.

साडेचारला जाळ थांबवला. सर्वांत मोठा आकडा आठशे नव्वद. तोंडं विटा लावून लिंपली आणि आवा थंड व्हायला सोडून दिला.

रविवारी सकाळी आठला मी परत गेले. पाला जळून राख झाली होती. खापऱ्या काढल्या आणि खालून लालबुंद मडकी दिसू लागली. भरमूअण्णा एकेक हातात घेऊन बोटाच्या पेराने टिचकी मारायचे आणि आवाज ऐकून इकडे किंवा तिकडे ठेवायचे. मी तोंडाजवळ हात घातला. एक बोळकं. दुसरं. दोन्हींत काळी भुकटी.

मी भुकटी कागदावर ओतली, भिंगातून पाहिली. काळीच. चुलीत झाली होती तशीच. वही काढून लिहिलं, 'निष्कर्ष: आव्याचे तापमान अपुरे.' खाली रेघ ओढली.

"मॅडम," रचना म्हणाली, "तिसरं कुठंय?"

आम्ही दोन्ही तोंडं तपासली. राख चाळली. भरमूअण्णांनी कोंबडीवरही संशय घेतला. शेवटी रचना आईकडे वळली. मालुबाई लाल मडक्यांची उतरंड नीट लावत होत्या, जरा जास्तच नीट.

"आई."

"काय गं?"

"तीन दिलती की न्हाय तुला?"

"दिलती की."

"मग?"

मालुबाईंनी उतरंडीवरचं मडकं उगाच फिरवलं. "तीन कुठं ठेवायची एका जागी? पानात तीन चपात्या वाढत न्हाय आपण. आणि आव्याच्या तोंडाशी तीन ठेवू? मडकी फुटली असती तर तुझा आप्पा मलाच बोलला असता."

"मग एकाचं काय केलंस?"

"टाकलं न्हाय मी. बाजूला ठिवलं. काळ्याच्या माठात जागा हुती."

भरमूअण्णा पाटावरून हसत सुटले. मी हसले नाही, कारण मला राग आला होता. महिनाभराचा प्रयोग, मोजून घातलेली भुकटी, आणि तिसऱ्या नमुन्याचं हे. मी म्हणाले, "असू दे. दोन पुरेत. निष्कर्ष तोच."

पण रचना माठाकडे निघाली होती. तिने तळहाताने माठ चाचपला, थंड होता. चिखलाची कड सांडशीने फोडली, झाकण उचललं. आत तुसाचा काळा कोळसा. त्यातून तिने दह्याची भांडी काढून बाहेर ठेवली, काळी, चकचकीत. तळाशी हात घालून बोळकं काढलं, फुंकर मारून वरचा कोळसा उडवला, आणि ते दोन्ही हातांत धरून तशीच उभी राहिली.

"मॅडम, बघा हे."

तळाशी एक चपटा खडा बसला होता. स्पंजासारखा, छिद्रं असलेला, आणि रंगाने लालसर. विटेचा लाल नव्हे. नव्या तांब्याच्या तारेवरचं आवरण सोललं की आत दिसतो तो. मी सुरीच्या टोकाने ओरखडा काढला. ओरखडा चमकला.

मग भरमूअण्णांनी हात पुढे केला. "दावा इकडं." त्यांनी तो दगडी पाट्यावर ठेवला आणि हातोडीने हलकेच ठोकला. कडा थोड्या भुरभुरल्या, पण मधला भाग फुटला नाही. चपटा झाला, आणि ठोकलेल्या जागी आरशासारखा तांबडा चकाकला. मी तो काट्यावर ठेवला. नऊ पूर्णांक चार ग्रॅम.

"तांबं," भरमूअण्णा म्हणाले.

"वितळलेलं नाही," मी म्हणाले, कारण ते सांगणं भाग होतं. "वितळायला एक हजार पंच्याऐंशी लागतात. पण तांबंच."

"मग तोंडाशी का न्हाय झालं? तिथं तर जाळ जास्ती."

उत्तर माझ्या जिभेवर येत होतं, पण रचना आधी बोलली. ती राखेत बसली आणि काडीने राखेवर माठ काढला. "आप्पा, तुम्हीच सांगता न्हवं, मडकं लाल पायजे तर हवा सोड, काळं पायजे तर हवा कोंड? हिरव्या दगडात तांबं असतंच, पण त्याला ऑक्सिजन चिकटून बसलेला. तोंडाशी हवा मोकळी, तिथं कितीबी तापवा, तो सुटतच न्हाय. वरनं आणखी हवा मिळतीया त्याला. माठात तूस जळतंय पण हवा संपली. मग तो धूर भुकेला होतो. दगडातला ऑक्सिजन ओढून घेतो. मागं उरतं ते तांबं. आणि झाकण गरम असताना उघडलं असतं ना, तर परत काळं झालं असतं."

"भुकेला धूर," मी म्हणाले. कार्बन मोनॉक्साइडचं इतकं चांगलं वर्णन मी वर्गात कधी ऐकलं नव्हतं. वहीतला निष्कर्ष मी खोडला. चार वर्षं बिडाच्या भट्टीशेजारी बसून मी उष्णतेचाच विचार केला होता, आणि इथे काळं दह्याचं भांडं भाजणाऱ्या प्रत्येक घराला खरी गोष्ट माहीत होती. फक्त कुणी त्यात हिरवा दगड टाकला नव्हता.

"म्हणजे शेकोटीवालं खोटं?" भरमूअण्णांनी विचारलं.

"खात्रीने कुणालाच सांगता येणार नाही. पण उघड्या शेकोटीत हे अवघड दिसतं. कुंभाराच्या आव्यात जास्त शक्य आहे. कुणी मडक्यावर अशाच दगडाचा हिरवा रंग लावला असेल, कुणाच्या मातीत खडा गेला असेल."

"न्हायतर कुणाच्या बायकूला तीन चालत नसतील," भरमूअण्णा म्हणाले. "आपला खव्याचा कुंदा बी असाच सापडला म्हणत्यात. दूध आटायला ठेवून इसरलं कोणतरी. मालू, तांबं तू शोधलंस की गं."

"मी कुठं शोधलं," मालुबाई म्हणाल्या, "मी तर ते बाजूला ठिवलं."

त्यांनी चहा टाकला. आम्ही पाट्याभोवतीच बसलो. खडा हातातून हातात फिरत होता. रचना मात्र राखेपाशीच होती आणि थांबत नव्हती. "पुढच्या वेळी तूस न्हाय, बाभळीचा कोळसा घालू. बोळकं मोठं करायचं, भिंत जाड, मातीत तूस मिसळून. झाकणाला एक भोक, तिथनं भात्यानं वारा. वारा कोळशाला मिळाला पायजे, दगडाला न्हाय. तसं झालं तर वितळंल सुद्धा. आणि काळी भांडी, आप्पा, तुम्ही दर आव्याला एकच माठ लावता. चार लागतील. मधल्या रांगेत ओढ सारखी असती, मी काल बघितलं."

भरमूअण्णा तिच्याकडे बघत होते. "हे कुठं शिकलीस?"

"इथंच. तुमच्याजवळ."

"आणि ते ऑक्सिजन का काय ते?"

"ते मॅडमांकडं."

त्यांनी मला विचारलं, "होसूरला हाय का असला आवा?"

"नाही," मी म्हणाले. "तिथे विजेची भट्टी आहे. वर काचेच्या खोलीत प्रयोगशाळा. नमुना पंधरा सेकंदांत तपासणारं यंत्र आहे, इथल्यापेक्षा चांगलं."

"एसी?"

"एसी आहे."

"मग चांगलंय की," भरमूअण्णा म्हणाले, पण आवाज मघाचा नव्हता. त्यांनी आपली बोटं पुढे धरली, नखं झिजून पेरांपर्यंत गेलेली. "हे बघ, बाळ. मी हौसेनं म्हणत न्हाय. ह्याच्यात पाठ जाती, गुडघं जात्यात. शिकलेल्या पोरीनं चिखल तुडवायचा म्हणजे लोक मला काय म्हणतील?"

"लोकांना मडकं पायजे असतं तेव्हा काय म्हणतात?" मालुबाईंनी विचारलं.

आदल्या दिवशी तयार केलेलं माझं वाक्य मला आठवलं. ते बोलायला ही वेळ अगदी बरोबर होती. पण समोर राखेत काढलेली आकृती होती, तिच्यात वाऱ्याची वाट बाणाने दाखवलेली, आणि ती प्रयोगशाळेतल्या कुठल्याही आकृतीपेक्षा नेमकी होती. होसूर असो की आवा, माझी सहायक मी गमावणार हे मला कळत होतं. तिने माझं टेबल सोडू नये असं वाटायला माझ्याकडे कारणं होती, आणि त्यातलं एकही तिच्या भल्याचं नव्हतं. मी वाक्य गिळलं आणि साधं तेवढं विचारलं.

"रचना, उद्या अकराला साहेबांना काय सांगू?"

तिने काडी बाजूला ठेवली. हात ओढणीला पुसायला गेली आणि पुसले नाहीत. नेहमीचं 'पुढच्या आठवड्यात' तिच्या ओठावर आलं असावं, कारण भरमूअण्णांनी आधीच मान हलवली. ती वडिलांकडे वळली.

"आप्पा, तिथं सगळं झाल्यावर मोजायचं असतं. चार वर्षं मोजलं मी. मला करायचंय. मी होसूरला जाणार न्हाय. पुढचा आवा मी लावणार."